सात दिवसांत सोडावंच लागतं?

फेब्रुवारी २०१९ मध्ये विंग कमांडर अभिनंदन वर्धमान पाकिस्तानच्या हाती लागले, तेव्हा वळसंगसारख्या गावाचा कट्टा असो की मुंबईची लोकल, मोबाइलवर एकच 'कायदा' फिरत होता: जिनिव्हा करारानुसार युद्धकैद्याला सात दिवसांत सोडावं लागतं. असं कलम करारात नाही. लढाई खरोखर थांबल्यावर विनाविलंब परत पाठवा, एवढंच तिसरा जिनिव्हा करार (१९४९) सांगतो. अभिनंदन तिसऱ्या दिवशी परतले, कारगिलच्या वेळी पकडले गेलेले वैमानिक नचिकेता आठवडाभरात. दोन्ही सुटकांमागे राजकारण होतं.

फ्लाइट लेफ्टनंट दिलीप पारुळकरांचं उदाहरण घ्या. १९७१ च्या भारत-पाक युद्धात १० डिसेंबरला त्यांचं विमान पडलं आणि ते पकडले गेले. लढाई १६ ला ढाक्यात आणि १७ ला पश्चिम आघाडीवर थांबली, पण ते वाघामार्गे परतले १ डिसेंबर १९७२ ला. मधल्या ऑगस्टमध्ये दोन साथीदारांसह रावळपिंडीच्या छावणीची भिंत फोडून पळाले आणि अफगाण सरहद्दीच्या तोंडाशी, लंडी कोतलजवळ सापडले. पळाला म्हणून कैद्याला वाटेल ती शिक्षा देता येते, हाही गैरसमजच. फसलेल्या पलायनाला फक्त शिस्तभंगाची शिक्षा, आणि तीही जास्तीत जास्त तीस दिवसांची. सुटकेच्या मुदतीचंच बोलायचं, तर आपल्या बाजूला सुमारे ९३ हजार पाकिस्तानी कैदी होते, त्यांत नागरिकही. त्यांची शेवटची तुकडी गेली एप्रिल १९७४ मध्ये.

सात दिवसांची मुदत करारात आहे, पण ती एका कार्डासाठी. पकडल्यावर, फार तर छावणीत पोचल्यावर आठवडाभरात, कैद्याला हे कार्ड लिहू द्यावं लागतं. एक कार्ड जिनिव्हाला रेडक्रॉसकडे जातं, एक घरी. करारासोबत त्याचा नमुनाच छापलेला आहे, साधारण पंधरा सेंटिमीटर लांब. नाव, वडिलांचं नाव, हुद्दा, जन्मतारीख, क्रमांक आणि घरचा पत्ता. खाली शब्दांची ओळ: प्रकृती चांगली, जखमी नाही, आजारी, किरकोळ जखमी, गंभीर जखमी. लागू नसेल ते खोडायचं, पदरचं काही लिहायचं नाही. रूक्ष आहे खरं. पण दक्षिण सोलापुरातल्या एखाद्या घरी असं कार्ड आलं, तर त्या खोडलेल्या शब्दांवर घर महिनाभर तग धरेल.

'रेडक्रॉस कैदी सोडवून आणते' असंही सर्रास म्हटलं जातं. इथे रेडक्रॉस म्हणजे जिल्ह्याजिल्ह्यात शाखा असलेली आपली सोसायटी नव्हे, तर जिनिव्हाची आंतरराष्ट्रीय समिती. सुटका तिच्या हाती नसते. कलम १२६ प्रमाणे तिचे प्रतिनिधी कैदी ठेवलेल्या प्रत्येक जागी जाऊ शकतात, पहारेकरी बाजूला ठेवून कैद्याशी बोलू शकतात आणि पुन्हा येऊन आधीचा माणूस तिथेच आहे का, हे पाहू शकतात. निकडीच्या लष्करी कारणाने भेट अडवता येते, पण तात्पुरतीच. काय दिसलं ते समिती सहसा जाहीर करत नाही. ते कैद ठेवणाऱ्यालाच सांगते. बाहेरून हे बोटचेपेपणाचं वाटतं. मला ते पटतं: ओरडलं की पुढच्या वेळी दार बंद.

करार टाळायला युद्ध जाहीर नव्हतं ही सबबही चालत नाही, सशस्त्र संघर्ष असला की पुरे. पाकिस्तानच्या कैदेतल्या कुलभूषण जाधवांचं प्रकरण मात्र वेगळं. पाकिस्तानने त्यांना हेर ठरवून खटला चालवला, म्हणून भारत भांडला तो वकिलातीच्या भेटीसाठी, १९६३ च्या व्हिएन्ना कराराखाली. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २०१९ मध्ये तो हक्क मान्य केला.

जिनिव्हा कराराच्या व्यवस्थेचा कमकुवत दुवा म्हणजे कैद्यांची यादी, आणि ती कैद ठेवणारा देशच देतो. फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे ५ डिसेंबर १९७१ ला पश्चिम पाकिस्तानावरच्या मोहिमेतून परतले नाहीत. न परतलेल्या भारतीय सैनिकांच्या 'बेपत्ता ५४' मध्ये त्यांचं नाव आहे. पत्नी दमयंती, राष्ट्रीय बॅडमिंटन विजेत्या, त्यांना शोधत राहिल्या. काही कुटुंबीयांना पाकिस्तानने १९८३ मध्ये आणि पुन्हा २००७ मध्ये तुरुंग पाहू दिले. हाती काही लागलं नाही. आमच्याकडे १९७१ चा एकही युद्धकैदी नाही, हे पाकिस्तानचं उत्तर कायम आहे.