मोडला तर भरायचे कोणी?

रत्नागिरीजवळच्या एका गावच्या बौद्धवाडीत आमच्या नात्यातले एक घर आहे. वडील मासळीच्या कारखान्यात जातात. आंब्याच्या दिवसांत आई पेट्या भरण्याच्या कामाला जाते. थोरली मुलगी त्या वेळी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होती. घरात चांगला फोन एकच आणि तो वडिलांच्या खिशात. वडील रात्री आठला घरी येणार, जेवणे आटोपल्यावर फोन आधी धाकट्या भावाच्या हातात जाणार आणि दहा वाजल्यानंतर मुलीच्या वाट्याला येणार. त्या फोनवर तिने आपल्या प्रकल्पाची पाने अंगठ्याने टाइप केली. तक्ते काही जमेनात. शेवटी शहरातल्या झेरॉक्सच्या दुकानात पानामागे पैसे मोजून ते काम करून घ्यावे लागले.

त्याच वर्षी तिच्या कॉलेजच्या ग्रंथालयाने विद्यार्थ्यांना लॅपटॉप घरी नेण्यास देण्याची सोय सुरू केली. मुलगी आनंदाने अर्ज घेऊन घरी आली. वडिलांनी चष्मा लावून अर्ज सावकाश वाचला. शेवटची ओळ अशी होती की, यंत्र मोडल्यास अथवा हरवल्यास त्याची संपूर्ण किंमत पालकाने भरून द्यावी. वडील बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "बाय गं, पावसात घर गळतं आपलं. त्याच्यावर पाणी पडलं तर तीस-पस्तीस हजार कुठनं भरायचं?"

अर्ज कोराच परत गेला.

पुढे काही कामासाठी आम्ही त्या कॉलेजात गेलो असता ग्रंथपालांना भेटलो. माणूस सज्जन. ते म्हणाले, "सूचना लावून तीन महिने झाले, पण मुलांची मागणीच नाही हो." ते खोटे बोलत नव्हते. त्यांच्याकडे अर्ज आले नव्हते, म्हणून लॅपटॉप कपाटात होते. आणि वाडीवर ती मुलगी रात्री दहा वाजता फोनची वाट पाहत होती. सोय सुरू होणे वेगळे आणि ती आपल्या घरापर्यंत पोहोचणे वेगळे, हे आम्हाला त्या दिवशी कळले. म्हणून हा लेख.

उसन्या पुस्तकाची लाज नाही

पहिली गोष्ट ही की, ग्रंथालयातून वस्तू घरी आणणे म्हणजे कुणाचे उपकार घेणे नव्हे. आपल्या समाजाला हे नव्याने सांगायला नको. बाबासाहेबांच्या पुस्तकांसाठी रामजी सुभेदार आपल्या लग्न झालेल्या मुलींकडे जात, पैसे नसले तर त्यांच्या अंगावरचा दागिना मागून घेत आणि तो गहाण ठेवून पुस्तक आणत. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणाऱ्या त्या मुलाला कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी वाचायला पुस्तके दिली. एल्फिन्स्टन कॉलेजात प्राध्यापक म्युलर यांनी आपली पुस्तके दिली. लंडनमध्ये तर ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय उघडल्यापासून बंद होईपर्यंत बाबासाहेब तेथे बसून असत. ज्याच्या घरी पुस्तक नाही त्याला पुस्तकापर्यंत नेणारी वाट उसनवारीची आणि ग्रंथालयाचीच असते.

आज दागिना गहाण पडतो तो लॅपटॉपसाठी. कुणी हप्त्यावर घेतो, कुणी मुंबईच्या चुलत्याकडे हात पसरतो. तीन वर्षांच्या शिक्षणासाठी घेतलेल्या यंत्राचे हप्ते शिक्षण संपले तरी चालू राहतात. तेच यंत्र ग्रंथालयाचे असेल तर एकानंतर दुसरा, दुसऱ्यानंतर तिसरा विद्यार्थी त्यावर शिकून जाईल आणि एकाही घराला कर्ज होणार नाही.

फोन आहे ना, मग कशाला?

असे पुष्कळ पालक विचारतात. फोनवर वाचता येते, ऐकता येते हे खरे. परंतु वीस-तीस पानांचा प्रकल्प लिहिणे, हिशेबाचे तक्ते करणे, संगणकाची भाषा शिकणे, नोकरीचा अर्ज नीट मांडणे ही कामे फोनवर होत नाहीत. २०१९ पासून इंजिनिअरिंग, फार्मसीकडे नेणारी राज्याची सीईटी परीक्षा संगणकावर होते. ज्याचा हात कधी कीबोर्डवर पडला नाही, तो मुलगा उत्तर येत असूनही तेथे गोंधळतो.

राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ सालच्या आकड्यांनुसार देशाच्या ग्रामीण भागात शंभरांतल्या साडेचारही घरांत संगणक नव्हता. नेमका आकडा ४.४ टक्के. शहरात तो २३.४ टक्के होता. त्यानंतर दोनच वर्षांनी, मार्च २०२० मध्ये, टाळेबंदी आली आणि सगळे वर्ग घरात येऊन बसले. त्यात ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले. दापोली, मंडणगडाकडे विजेचे खांब आडवे झाले आणि कित्येक वाड्या अंधारात राहिल्या. रेंजसाठी सड्यावर जाऊन, डोक्यावर छत्री धरून वर्ग ऐकणारी मुले कोकणाने पाहिली. टाळेबंदी संपली, परंतु अभ्यास, अर्ज, निकाल, शिष्यवृत्ती हे सारे पडद्यावर गेले ते तेथेच राहिले.

आणखी एक गोष्ट मुलींच्या बाबतीत सांगितली पाहिजे. घरात एकच फोन असला की तो आधी कमावत्याचा, मग मुलाचा आणि शेवटी मुलीचा. ग्रंथालयाचा लॅपटॉप मुलीच्या कार्डावर, तिच्या नावाने घरी येतो. त्यावर पहिला हक्क तिचा, हे घरातल्यांनाही मान्य करावे लागते.

दुसरीकडे काय झाले

ही काही जगावेगळी मागणी नाही. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात ड्रेक्सेल विद्यापीठाने २०१३ साली आपल्या ग्रंथालयात लॅपटॉपचे एक कपाटच बसवले. विद्यार्थ्याने आपले ओळखपत्र दाखवायचे, कपाटातून लॅपटॉप घ्यायचा आणि पाच तास फुकट वापरायचा. ज्या न्यूयॉर्क शहरात बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात शिकले, तेथील सार्वजनिक ग्रंथालयांनी २०१४-१५ च्या सुमारास इंटरनेट नसलेल्या घरांना ते पुरवणारी खिशातली छोटी यंत्रे पुस्तकासारखी घरी द्यायला सुरुवात केली.

आपल्याकडे याचे मूळ बुक बँकेत आहे. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना वैद्यकीय आणि इंजिनिअरिंगची महागडी पुस्तके मिळावीत म्हणून केंद्र सरकारने १९७८-७९ मध्ये ही योजना सुरू केली. दोघांत एक संच, तो वापरायचा आणि पुढच्यासाठी परत करायचा. त्या पुस्तकांवर आपल्यातले किती डॉक्टर आणि इंजिनिअर झाले, हे ज्याने त्याने आपल्या वाडीत पाहावे. अलीकडे नागपूरच्या महाज्योती संस्थेने इतर मागासवर्गीय आणि भटक्या-विमुक्त समाजांतील प्रवेशपरीक्षांची तयारी करणाऱ्या मुलांना टॅब दिले. म्हणजे अभ्यासाला यंत्र लागते हे सरकारलाही पटलेले आहे. ग्रंथालयाने एवढेच करायचे की, बुक बँकेचा जो मार्ग होता त्यावरून लॅपटॉपही पाठवायचा.

नियमाची एक ओळ

आता मुख्य मुद्दा. मोडला तर भरायचे कोणी?

ग्रंथपालांची अडचण आम्ही समजू शकतो. लॅपटॉप साठा-नोंदवहीत चढलेला असतो. तो हरवला तर हिशेबतपासणीच्या वेळी त्यांना उत्तर द्यावे लागते. या भीतीने ते अर्जात ती ओळ घालतात. आणि त्या ओळीच्या भीतीने आपला पालक सही करीत नाही. दोन भीतींच्या मध्ये यंत्र कपाटात पडून राहते.

परंतु पुस्तकांच्या बाबतीत हा प्रश्न पूर्वीच सुटलेला आहे. केंद्र सरकारच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत असे मान्य केले आहे की, वर्षभरात देवघेव झालेल्या हजार पुस्तकांमागे पाच पुस्तके गहाळ झाली तर ती वाजवी घट समजावी; मात्र त्यात अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जी नसावी. याचा अर्थ असा की, वस्तू वापरात आली की तिची थोडी झीज आणि थोडी हानी होणारच, हे सरकारी नियमानेही मानले. २२ जुलै २०२१ च्या महापुरात चिपळूणच्या १८६४ सालच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराचीही पुस्तके भिजली. त्यांचे बिल कुणी वाचकाच्या दारात नेले नाही. मग गळक्या छपराखाली भिजलेल्या लॅपटॉपचे सारे बिल एकट्या मजुरावर का?

म्हणून ज्या ग्रंथालयाला ही योजना सुरू करायची आहे, त्याने यंत्रे विकत घेण्याआधी नियम नीट करावेत, असे आमचे सांगणे आहे.

यंत्रांच्या खरेदीतच दुरुस्तीची आणि विम्याची रक्कम धरावी. अपघाताने झालेले नुकसान त्यातून भरावे. जाणूनबुजून केलेल्या नुकसानीची गोष्ट वेगळी. अनामत रक्कम घेऊ नये, कारण पाचशे रुपयांची अनामतही महिनाअखेरीस घरात नसते. लॅपटॉप तीन तासांसाठी वाचनकक्षात देण्याची सोय हवी. परंतु ज्याला शेवटची एसटी गाठायची आहे त्याला तिचा उपयोग नाही. म्हणून काही यंत्रे पूर्ण सत्रासाठी घरी द्यावीत. 'तुझ्या बापाचे उत्पन्न किती' हे खिडकीवर सगळ्यांदेखत विचारू नये. ग्रंथालयाचे कार्ड हाच पुरावा समजावा.

यंत्रात मराठी टाइप करण्याची सोय असावी. ज्या वाडीत रेंज नाही तेथील मुलांना ग्रंथालयाच्या इंटरनेटवर पुस्तके उतरवून घरी नेता यावीत. बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचे जे खंड महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून काढले, तेही आज असे उतरवून घेता येतात. परत आलेल्या यंत्रातला आधीच्या विद्यार्थ्याचा मजकूर पुसूनच ते पुढच्याला द्यावे आणि मुलांनीही आपले काम पेनड्राइव्हवर ठेवण्याची सवय लावून घ्यावी.

रत्नागिरीकरांनी काय करावे

आपला जिल्हा ग्रंथालयांच्या बाबतीत मागासलेला नाही. रत्नागिरीचे जिल्हा नगर वाचनालय १८२८ सालचे आहे. गोगटे-जोगळेकर महाविद्यालय १९४५ पासून आहे. मुंबई विद्यापीठाचा उपपरिसर शहरालगतच आहे. ज्या दापोलीत बाबासाहेबांच्या बालपणाची काही वर्षे गेली, तेथे १९७२ पासून कोकण कृषी विद्यापीठ आहे. तेव्हा आपली मुले जेथे शिकतात तेथे जाऊन पालकांनी दोन प्रश्न विचारावेत: ग्रंथालयातून लॅपटॉप घरी मिळतो का? आणि मिळत असेल तर मोडल्यावर काय? २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याप्रमाणे संलग्न महाविद्यालयात महाविद्यालय विकास समिती असते आणि तिच्यावर विद्यार्थ्यांचेही प्रतिनिधी असतात. तोंडी बोलण्यापेक्षा या समितीपुढे लेखी अर्ज द्यावा. लेखी अर्ज आला की 'मागणीच नाही' असे म्हणता येत नाही.

काही भार आपणही उचलू शकतो. प्रत्येक वाडीचे मंडळ आहे, त्याची मुंबईला शाखा आहे. साठ घरांनी वर्षाला पन्नास रुपये काढले तर तीन हजार जमतात. फुटलेल्या पडद्याच्या बिलाला त्यांचा मोठा हातभार लागेल. जयंतीच्या वर्गणीबरोबर ही वर्गणी काढली तर जड जाणार नाही. पालकाच्या सहीशेजारी मंडळाची सही असली की पालकाचा जीव भांड्यात पडेल आणि ग्रंथपालाचाही.

त्या वाडीच्या मंडळाने नेमके हेच केले. कॉलेजला पत्र दिले, मंडळाची हमी दिली आणि अर्जातली ती ओळ बदलावी अशी विनंती केली. दोन बैठका झाल्या. तिसऱ्या बैठकीत ओळ बदलली. अपघाताच्या नुकसानीतला काही भाग कॉलेज सोसेल आणि उरलेला मंडळ, असे ठरले.

आमच्या नात्यातल्या मुलीला त्याचा उपयोग झाला नाही. तिचे वर्ष तोवर संपले होते. पुढच्या जूनमध्ये शेजारच्या घरातली मुलगी लॅपटॉप घेऊन आली. तो कसा लावायचा ते दाखवायला हीच गेली. वडिलांनी दारातून पाहिले आणि आतून प्लॅस्टिकची एक मोठी पिशवी आणून दिली. म्हणाले, "रात्री ह्याच्यात घालून ठेव, पोरी. पाऊस सांगून येत नाही."