करासाठी नोकर, हक्कांसाठी परके : ब्रिटनच्या 'आयआर ३५'ची गोष्ट

आपल्याकडे कंत्राटदार म्हटले की मजूर पुरवणारा ठेकेदार डोळ्यांसमोर येतो. ब्रिटनमधला 'कॉन्ट्रॅक्टर' बहुधा एकटा असतो. संगणकतज्ज्ञ, इंजिनिअर, प्रकल्प व्यवस्थापक असा कोणी स्वतःची छोटी कंपनी नोंदवतो. तिचा संचालक तोच आणि कर्मचारीही तोच. सहा महिने एखाद्या बँकेत, वर्षभर एखाद्या सरकारी खात्यात तो काम करतो आणि बिल आपल्या कंपनीच्या नावाने देतो. या लोकांच्या कराचे नियम बदलण्याचे प्रस्ताव आले तेव्हा ते कसे लढले, हे आपण समजून घेतले पाहिजे. कारण 'तुम्ही कर्मचारी नाही, सल्लागार आहात' हे वाक्य आता आपल्या तरुणांच्या नियुक्तिपत्रांतही दिसते.

सरकारचा आक्षेप काय होता?

पगारावर प्राप्तिकर लागतो. शिवाय 'नॅशनल इन्शुरन्स' नावाची सामाजिक सुरक्षेची वर्गणी कर्मचारी आणि मालक दोघांनाही भरावी लागते. स्वतःच्या कंपनीतून थोडा पगार आणि बाकी लाभांश घेतला, तर लाभांशावर ही वर्गणी लागत नाही. काम देणाऱ्याचाही हिस्सा वाचतो. मग शुक्रवारी नोकरी सोडायची आणि सोमवारी कंपनीच्या नावाने त्याच टेबलावर बसायचे, असे प्रकार घडू लागले, असा सरकारचा आरोप होता. ९ मार्च १९९९ च्या अर्थसंकल्पासोबत कर खात्याने ३५ क्रमांकाचे पत्रक काढले. त्यावरूनच 'आयआर ३५' हे नाव पडले. एप्रिल २००० पासून नियम लागू झाला : मधली कंपनी बाजूला ठेवून पाहिले आणि नाते नोकरीचे दिसले, तर कर नोकरीप्रमाणे.

नाते ओळखायचे कसे?

ब्रिटिश न्यायालये १९६८ च्या एका निकालापासून मुख्यतः तीन गोष्टी तपासतात. काम कसे करायचे हे कोण ठरवते? काम स्वतःच करावे लागते, की बदली माणूस पाठवता येतो? काम देण्याचे आणि करण्याचे बंधन दोन्हीकडून आहे का? करारावरचे नाव काहीही असो, प्रत्यक्ष व्यवहार महत्त्वाचा.

पहिली लढाई

प्रस्ताव येताच विखुरलेले कॉन्ट्रॅक्टर एकत्र आले आणि १९९९ मध्येच 'प्रोफेशनल कॉन्ट्रॅक्टर्स ग्रुप' ही संघटना उभी राहिली. तिने नियमाला न्यायालयात आव्हान दिले. २००१ मध्ये आधी उच्च न्यायालयात आणि मग अपील न्यायालयात ती हरली. मात्र खटला हरला तरी संघटना टिकली. सदस्यांना करार कसे लिहावेत, कर खात्याच्या चौकशीला कसे तोंड द्यावे, हे ती शिकवत राहिली.

दुसरी लढाई

सुरुवातीला आपले नाते कोणते, हे कॉन्ट्रॅक्टर स्वतः ठरवत असे. एप्रिल २०१७ पासून सरकारी क्षेत्रात तो निर्णय काम देणाऱ्या संस्थेकडे गेला. खासगी क्षेत्रातील मध्यम आणि मोठ्या कंपन्यांनाही हाच नियम लावायचा प्रस्ताव होता. चुकलो तर दंड आपल्याला, या भीतीने अनेक कंपन्यांनी प्रत्येकाचे काम न तपासता सरसकट 'नोकर' असा शिक्का मारला. काहींनी छोट्या कंपन्यांमार्फत माणसे घेणेच थांबवले. फेब्रुवारी २०२० मध्ये कॉन्ट्रॅक्टरांनी संसदेबाहेर निदर्शने केली. पुढच्या महिन्यात नियम वर्षभर लांबला, पण तो कोविडमुळे. एप्रिल २०२१ मध्ये तो लागू झालाच.

इथेच खरी गोम आहे. कर नोकराप्रमाणे कापला, तरी पगारी रजा, आजारपणातील वेतन, कामावरून काढण्यापासूनचे संरक्षण आपोआप मिळत नाही. कारण ब्रिटनमध्ये करकायदा आणि कामगार कायदा यांच्या कसोट्या वेगळ्या आहेत. २०२० मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सच्या समितीनेही या विसंगतीवर कडक टीका केली. नोकराची जबाबदारी आहे, पण नोकराचा हक्क नाही, अशी ही अवस्था.

२३ सप्टेंबर २०२२ रोजी सरकारने २०१७ आणि २०२१ चे बदल मागे घेण्याची घोषणा केली. जल्लोष झाला. २४ दिवसांत, १७ ऑक्टोबरला, ती घोषणाच मागे घेतली गेली. उलट एक छोटी, किचकट मागणी मात्र पदरात पडली. संस्थेकडून कर वसूल करताना त्याच कामावर कॉन्ट्रॅक्टरने आधी भरलेला कर वजा होत नव्हता. एकाच पैशावर दोनदा वसुली होत होती. हा मुद्दा सतत मांडला गेला आणि ६ एप्रिल २०२४ पासून वजावट सुरू झाली.

आपण काय घ्यायचे?

करचुकवेगिरीचे समर्थन आम्ही करत नाही. सामाजिक सुरक्षेचा निधी सर्वांच्या वर्गणीवरच चालतो. पण ज्याला नोकर म्हणून कर लावायचा, त्याला नोकराचे हक्कही द्या, ही मागणी न्याय्य आहे.

आपल्याकडे चित्र उलटे दिसते. रोज ठरलेल्या वेळी हजेरी, साहेबाचा हुकूम, रजेसाठी अर्ज, सगळे नोकरीसारखेच. पण पैसे 'व्यावसायिक शुल्क' म्हणून, १० टक्के कर कापून मिळतात. भविष्यनिर्वाह निधी नाही, ग्रॅच्युइटी नाही. अशा वेळी १९५६ चा सर्वोच्च न्यायालयाचा ध्रांगध्रा केमिकल वर्क्स खटल्यातील निकाल आठवावा. सौराष्ट्रातील मीठ पिकवणारे आगरिया हे स्वतंत्र ठेकेदार आहेत, असे कंपनीचे म्हणणे होते. न्यायालयाने त्यांना कामगारच ठरवले.

म्हणून तरुण मित्रांनो, सही करण्याआधी करार वाचा. हजेरीची नोंद, कामाच्या सूचनांचे ईमेल, पैशांच्या पावत्या जपून ठेवा. नियमाचा मसुदा हरकतींसाठी खुला होईल तेव्हा मुदतीत, मुद्देसूद आणि एकत्र लिहा. एकट्याने लिहिलेला अर्ज फाइलमध्ये पडून राहतो, संघटनेच्या अर्जाला उत्तर द्यावे लागते.