राजवाडीचे गरम पाण्याचे कुंड : घरच्यांना घेऊन जाताय? मग हे वाचून जा

थंडी पडली की आपल्याकडे घराघरात एक विषय निघतो. "गरम पाण्याच्या कुंडावर जाऊया का?" कुणाचे गुडघे दुखत असतात, कुणाला खरूज-खाज असते, आणि मुलांना तर पाणी दिसलं की पुरे. आम्हीही असेच निघालो होतो. चिपळूणहून मुंबई-गोवा महामार्गाने संगमेश्वरकडे जाताना आधी आरवली लागते, मग तुरळ. या दोन्ही ठिकाणी महामार्गालगतच गरम पाणी आहे. तुरळच्या जवळच थोडं आत राजवाडी गाव आहे. तिथे सोमेश्वराच्या जुन्या मंदिराच्या परिसरात कुंड आहेत आणि शेवटचा टप्पा पायी जावं लागतं. रेल्वेने येणाऱ्यांना आरवली रोड किंवा संगमेश्वर रोड स्टेशन सोयीचं.

वाट काही अवघड नाही. घरांच्या मागून, झाडांच्या सावलीतून, शेताच्या बांधावरून चालायचं. लहान मुलं आणि म्हाताऱ्या माणसांना धरूनसुद्धा वीस मिनिटं लागली नसतील. पण सकाळी दवाने बांध ओला असतो, चपला घसरतात. बुरखा घालून बांधावरून चालताना तो पायात अडकतो, हे आमच्या खालाने दोनदा पडता पडता वाचून दाखवलं. मागे पट्टा असलेल्या चपला घाला आणि सामान पाठीवरच्या पिशवीत घ्या, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात. पावसाळ्यात मुलांना घेऊन जाऊच नका. डिसेंबर-जानेवारी बरा.

आता हे पाणी गरम का? बऱ्याच जणांना वाटतं खाली ज्वालामुखी आहे. तसं काही नाही. पावसाचं पाणी खडकांच्या भेगांतून खूप खोल जातं. जमिनीत जसजसं खाली जावं तशी उष्णता वाढते, साधारण एका किलोमीटरला २५ ते ३० अंश. तिथे तापलेलं पाणी दुसऱ्या भेगेतून जोराने वर येतं आणि येताना खडकातले क्षार, कुठे गंधकाचा वास बरोबर आणतं. पालघरच्या कोकनेरपासून राजापूरपर्यंत सुमारे ३५० किलोमीटरच्या पट्ट्यात अशी १८ ठिकाणं भूवैज्ञानिकांनी नोंदवली आहेत. आपल्या लोकांनी तर गावांची नावंच त्यावरून ठेवली. उन्हाळे, उन्हवरे, उन्हेरे. ऊन म्हणजे गरम, आपण ऊन ऊन भात म्हणतो तेच.

पण सगळीकडचं पाणी सारखं गरम नसतं आणि घोळ इथेच होतो. आरवलीचं पाणी चाळीस अंशांच्या आसपास, म्हणजे आपण न्हाणीत घेतो तसं. राजवाडीचं झऱ्याजवळ पन्नासच्या वर. तुरळचं ६० अंशांच्या आसपास. साठ अंशांच्या पाण्यात मोठ्या माणसाची कातडी पाच-सहा सेकंदांत भाजते, मुलांची त्याहून लवकर. म्हणून झरा जिथे उगम पावतो तिथे कधीच उतरायचं नाही. पाणी पुढे वाहत येऊन निवतं, तिथे आंघोळ करायची.

हे आम्ही आधी समजून घेतलं असतं तर बरं झालं असतं. आमच्या अब्बांना वीस वर्षांची शुगर. पहिल्या खेपेला ते काठावर बसून पाय सोडून आरामात गप्पा मारत होते. आम्ही विचारलं, "अब्बा, चटका लागत नाही?" म्हणाले, "कुठे, छान कोमट आहे." संध्याकाळी मगरिबच्या वजूला मोजे काढले तर दोन्ही तळव्यांना मोठे फोड. शुगर जुनी असली की पायांची जाणीव कमी होते, चटका कळतच नाही. डॉक्टर म्हणाले, असे पेशंट दर हिवाळ्यात येतात, कुणी शेकोटीवर भाजलेले, कुणी गरम पाण्याच्या पिशवीने. जखम भरायला दोन महिने गेले आणि रमजानचे पहिले काही दिवस तरावीहला ते खुर्चीवरच होते.

तेव्हा शुगरवाल्या माणसाने स्वतः पाणी तपासायचं नाही. दुसऱ्याने कोपर बुडवून बघायचं. बीपीची गोळी चालू असेल, हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. गरोदर बाईने छातीपर्यंत गरम पाण्यात बसू नये. बाकीच्यांनीही दहा-पंधरा मिनिटांत बाहेर यावं, हळूच उठावं, वर पाणी प्यावं. कुणी भाजलंच तर साध्या गार पाण्याची धार वीस मिनिटं. टूथपेस्ट, हळद, बर्फ काही लावू नका.

या पाण्याने गुडघे बरे होतात का? शेक मिळतो, स्नायू सैल होतात, एक-दोन दिवस बरं वाटतं. अम्मीला वाटलं. पण त्यावर गोळ्या बंद करू नका. शेजारच्या एका चाचीने केल्या होत्या आणि आठवड्यात परत लंगडायला लागल्या.

एक प्रश्न आम्हाला तिथेच पडला. या पाण्याने वजू होतो का, त्याला तर वास येतो. कोकणात आपण बहुतेक शाफई. त्या मसलकात पाणी ज्या जमिनीतून येतं तिचाच वास किंवा चव लागली तर पाणी पाकच राहतं, वजू-गुस्ल दोन्ही होतं. फक्त फार कडक पाण्याने वजू करणं मकरूह सांगितलं आहे, कारण चटक्यामुळे अवयव नीट धुतले जात नाहीत. इथपर्यंत ठीक. पण नाकात पाणी घेण्याबाबत आम्ही वेगळं सांगू. कोमट-गरम गोड्या पाण्यात, साधारण ४६ अंशांपर्यंत, एक अमिबा वाढू शकतो. तो नाकातून मेंदूपर्यंत जातो आणि मग माणूस क्वचितच वाचतो. आजार फार दुर्मीळ आहे, आणि असं पाणी पोटात गेल्याने तो होत नाही. पण केरळात त्याचे रुग्ण सापडले आहेत आणि कराचीत वजूच्या पाण्यातून झाल्याची प्रकरणं डॉक्टरांनी नोंदवली आहेत. म्हणून कुंडात डोकं बुडवू नका, मुलांना उड्या मारू देऊ नका, आणि वजूला नाकासाठी घरून उकळून गार केलेलं पाणी बाटलीत न्या. एक बाटली चौघांना पुरते. हनफी घरांत फर्ज गुस्लमध्ये नाकात पाणी घेणं लाजमी आहे, तर ते गुस्ल घरूनच उरकून निघा.

आता बायकांचं. आमच्या पहिल्या खेपेत पुरुष आणि मुलं तासभर पाण्यात, आणि अम्मी, खाला, दोन्ही सुना काठावर चपला, मोबाईल सांभाळत. पाय तेवढे भिजवले. ज्यांचे गुडघे दुखत होते म्हणून निघालो, त्याच कोरड्या परत आल्या! घरी येऊन खाला जे बोलली ते इथे लिहीत नाही.

दुसऱ्या वेळी आम्ही शहाणे झालो. सुट्टीचा दिवस टाळला, फज्र पढून निघालो आणि ऊन चढायच्या आत पोहोचलो. आधी बायका. पुरुष मुलग्यांना घेऊन लांब वाटेवर थांबले, कुणी येताना दिसलं तर सांगायला. गावातल्या एका आजींना विचारलं तर म्हणाल्या, "आमच्या बाया पण अशाच पहाटेच येतात, या की." त्या स्वतःच सोबत बसल्या. गडद रंगाचा जाड सुती सलवार-कमीज, वरून मोठी ओढणी, आणि कपडे बदलताना आडोशाला एक चादर, एवढं पुरलं. पुरुषांनीही सतर सांभाळावं, नाभीपासून गुडघ्यापर्यंत. हाफ चड्डीत चारचौघांत उतरणं आपल्यालाही शोभत नाही आणि गावालाही आवडत नाही. वेगळी सोय पाहिजेच असेल तर दापोली तालुक्यातल्या उन्हवऱ्याला स्त्रिया आणि पुरुषांसाठी स्वतंत्र कुंड आहेत. तिथला झरा मात्र ७० अंशांच्या घरात, म्हणून तिथेही कोपर आधी.

कुंड मंदिराजवळ आहे, गावाच्या श्रद्धेचं आहे. साबण-शाम्पू लावायचा नाही, मटणाचे डबे तिथे उघडायचे नाहीत, जेवण महामार्गाला परत येऊनच. नमाजला चटई घालायची तर कुंडापासून दूर, आणि ज्याची जागा आहे त्याला विचारून. आम्हाला कुणी कधी नाही म्हटलं नाही.

गेल्या थंडीत अब्बा पुन्हा आले. पाण्यात पाय सोडले नाहीत, गुडघ्यांवर गरम पाण्यात पिळलेला टॉवेल घेऊन बसले. टॉवेल आधी अम्मीने आपल्या हाताला लावून बघितला.