अभयवचनाची भाषा : मराठी ख्रिस्ती मंडळी आणि येणारा हंगाम

१. विषयाची मर्यादा

ख्रिस्ती उपासनेमध्ये मंडळीस उद्देशून ‘येणाऱ्या काळा’विषयी संदेश देण्याची प्रथा फार जुनी आहे. अशा संदेशात दोन गोष्टी एकत्र असतात. पुढे काय घडणार आहे, ह्याचे काही सूचन असते. आणि त्या घटनांना सामोरे जाण्यासाठी श्रोत्यांस धीर दिलेला असतो. ह्या दोहोंपैकी मुख्य कोणती व गौण कोणती, हा प्रश्न वरवर धर्मशास्त्राचा वाटतो. परंतु ज्या भाषेत संदेश उच्चारला जातो, त्या भाषेतील शब्द आणि व्याकरण ह्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा आधीच देऊन ठेवतात. मराठीच्या बाबतीत हे कसे घडते, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

विचारास दृष्टान्तभूमी म्हणून चंद्रपूर जिल्ह्यातील गोंडपिपरी तालुक्याचा परिसर घेतला आहे. पूर्वेस वैनगंगा व तिच्यापलीकडे गडचिरोली जिल्हा, दक्षिणेस वर्धा नदी व तिच्यापलीकडे तेलुगू मुलूख, आणि ह्या दोन नद्यांच्या संगमातून निघणारी प्राणहिता अशी ह्या भागाची रचना आहे. मराठीची झाडीबोली, गोंडी आणि तेलुगू ह्या भाषांचा येथे नित्य संपर्क आहे. नागपुरात स्टीफन हिस्लॉप ह्यांचे कार्य १८४५ च्या सुमारास सुरू झाले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्कॉटलंडच्या एपिस्कोपल चर्चचे मिशन चांद्यास आले. आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी उत्तर भारतातील सहा चर्चसंस्थांचे एकीकरण नागपूर येथेच झाले. संख्येने लहान आणि पावसावर व जंगलावर पोट असलेल्या समाजात भविष्याविषयीचा शब्द केवळ अलंकार म्हणून ऐकला जात नाही. त्यावर माणसे निर्णय घेतात. म्हणून त्या शब्दाची छाननी महत्त्वाची ठरते.

२. भविष्यवादी आणि संदेष्टा

हिब्रू भाषेतील ‘नबी’ ह्या संज्ञेचा संबंध बहुतेक अभ्यासक हाक मारणे ह्या अर्थाच्या धातूशी जोडतात. नबी म्हणजे ज्यास हाक आली आहे, किंवा जो हाक देतो तो. ह्या शब्दासाठी ग्रीक अनुवादकांनी ‘प्रोफेतेस’ हा शब्द योजिला. त्यातील ‘प्रो’ हा उपसर्ग ‘आधी’ असा कालवाचक अर्थ देतोच, पण ‘च्या वतीने’ आणि ‘समोर’ हे अर्थही देतो. देवाच्या वतीने लोकांसमोर बोलणारा, हा त्या शब्दाचा मूळ गाभा होय.

मराठी बायबलच्या जुन्या भाषांतरांतून ह्या अर्थी ‘भविष्यवादी’ हा शब्द रूढ झाला. तो व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. मात्र मराठी भाषिकाच्या मनात ‘भविष्य’ हा शब्द पंचांग, पत्रिका, राशी आणि ग्रहदशा ह्यांच्या संगतीत राहतो. भविष्य ‘सांगतात’, ‘पाहतात’, ‘वर्तवतात’. ते खरे ठरते किंवा खोटे ठरते. त्यामुळे यशया किंवा यिर्मया ह्यांस भविष्यवादी म्हटले, की त्यांच्या भाषणातील न्यायाची मागणी, राजास केलेला निषेध आणि शोक हे सर्व मागे पडून भाकीत तेवढे पुढे येते. नंतरच्या भाषांतरात ‘संदेष्टा’ हा शब्द आला. ‘सम्’ उपसर्गपूर्वक ‘दिश्’ धातूपासून साधलेला हा कर्तृवाचक शब्द निरोप पोहोचविणाऱ्याचा बोध करून देतो. निरोपाला पाठविणारा असतो, घेणारा असतो आणि उत्तरही अपेक्षित असते. भाकिताला ह्यांपैकी कशाचीही गरज नसते. असे असूनही उपासनेच्या बोलीत ‘भविष्यवाणी’ हा शब्द आजही टिकून आहे, आणि त्याबरोबर त्याची जुनी संगतही टिकून आहे.

पौलाने करिंथच्या मंडळीस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात अशा संदेशाची तीन कार्ये सांगितली आहेत : ‘ओइकोदोमे’, ‘पाराक्लेसिस’ आणि ‘पारामिथिया’. पहिला शब्द घरबांधणीतला आहे. दुसऱ्यात जवळ बोलावून प्रोत्साहन देणे आहे. तिसऱ्यात दुःखिताजवळ बसून बोलणे आहे. उभारणी, उत्तेजन आणि सांत्वन असा त्यांचा अनुक्रम लावता येईल. ह्या तिन्हींत भाकिताचा उल्लेख नाही, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे.

३. अभयवचनाचे व्याकरण

जुन्या करारातील धीर देणाऱ्या संदेशांचा एक ठराविक साचा असल्याचे योआखिम बेग्रिख ह्या जर्मन अभ्यासकाने १९३४ मध्ये दाखवून दिले. प्रथम संबोधन, नंतर न भिण्याची आज्ञा, मग तिचे कारण आणि शेवटी भविष्यकालीन आश्वासन असा त्याचा क्रम आहे. मराठीत ह्या प्रकारास ‘अभयवचन’ हा नेमका शब्द पूर्वीपासून उपलब्ध आहे. साच्यातील महत्त्वाचा भाग असा, की न भिण्याचे कारण बहुधा वर्तमानकाळात येते : सांगणारा सोबत आहे. भविष्यकालीन वाक्य त्यानंतरचे. म्हणजे धीराचा पाया घटनेवर नसून सहवासावर आहे.

काळाच्या रूपांविषयी आणखी एक गोष्ट नोंदविण्यासारखी आहे. हिब्रू संदेष्टे पुढे घडावयाच्या गोष्टी पुष्कळदा पूर्णक्रियावाचक रूपाने सांगतात. परकीय भाषांच्या अभ्यासकांना हा प्रकार चमत्कारिक वाटतो. मराठी भाषिकास तो तसा वाटू नये. ‘तुम्ही व्हा पुढे, मी आलोच’ असे म्हणणारा मनुष्य अद्याप घरातच असतो. येथील भूतकाळी रूप घडलेल्या गोष्टीचे वर्णन करीत नाही. ते बोलणाऱ्याची बांधिलकी व्यक्त करते. संदेष्ट्याचा भूतकाळ ह्याच जातीचा समजला, तर पुष्कळ गैरसमज टळतील.

सर्वनामांचा विचारही उद्बोधक आहे. ‘भिऊ नको’ आणि ‘भिऊ नका’ ह्यांत मराठी एकवचन व अनेकवचन वेगळे दाखविते. तथापि ‘नका’ हे रूप आदरार्थीही असल्याने एकट्या श्रोत्यास ते आपल्यापुरतेच वाटू शकते. मूळ संदेश बहुधा समुदायास असतो. मराठी ख्रिस्ती समाजाने स्वीकारलेला ‘मंडळी’ हा शब्द येथे उपयोगी पडतो, कारण तो इमारतीचा नसून जमलेल्या माणसांचा वाचक आहे. ह्याहून महत्त्वाचा भेद ‘आम्ही’ आणि ‘आपण’ ह्यांचा होय. श्रोत्यास वगळणारे व श्रोत्यास सामावून घेणारे असे दोन प्रथमपुरुष मराठीत आहेत. तेलुगूत ‘मेमु’ आणि ‘मनमु’ असा हाच भेद आहे, आणि मराठीतील भेद द्राविडी संपर्काचे फल असावे असे पुष्कळ भाषाशास्त्रज्ञ मानतात. संदेश देणारा जेव्हा ‘तुमच्यावर कठीण काळ येईल’ असे म्हणतो, तेव्हा तो स्वतः तटावर उभा असतो. ‘आपल्यावर’ म्हटले, की तो श्रोत्यांबरोबर प्रवाहात उतरतो. दानिएलाच्या ग्रंथातील नवव्या अध्यायात तो निर्दोष पुरुष लोकांच्या पापांची कबुली प्रथमपुरुषी अनेकवचनात देतो. त्या प्रार्थनेत त्याने स्वतःस वगळलेले नाही.

४. दोन वर्षांची दोन भाकिते

भाकीत आणि धीर ह्यांचा संबंध दोन उदाहरणांनी स्पष्ट होईल. यिर्मयाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा यरुशलेमच्या मंदिरात उभा राहून जाहीर करतो, की दोन वर्षांच्या आत बाबेलचे जू मोडेल आणि बंदिवान परत येतील. श्रोत्यांस ह्याहून गोड शब्द कोणता असणार? यिर्मयाने पुढे बंदिवानांस पाठविलेले पत्र मात्र अगदी वेगळे होते. घरे बांधा, बागा लावा, मुलांची लग्ने करा, ज्या नगरात नेले गेला आहात त्याचे हित पाहा, असा त्याचा आशय आहे. आणि मुदत सत्तर वर्षांची. हनन्याच्या शब्दाने श्रोत्यास वाट पाहण्यापलीकडे काही करावयास उरत नव्हते. यिर्मयाच्या शब्दाने दुसऱ्याच दिवशी सकाळी हातात कुदळ घ्यावी लागत होती. इ. स. पू. ५८७ च्या सुमारास यरुशलेम पडले, तेव्हा ह्या दोहोंतील कोणता शब्द टिकला हे कळून आले.

दुसरे उदाहरण विदर्भाशी निगडित आहे. नारायण वामन टिळक १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावकडे आगगाडीने जात असता एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांच्याशी धर्मविषयक संभाषण केले, नव्या कराराची प्रत दिली, आणि ते दोन वर्षांत ख्रिस्ती होतील असे सांगितले, ही हकीकत त्यांच्या चरित्रांतून आली आहे. टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस झाला. मुदत जुळली म्हणून ही गोष्ट सांगितली जाते. परंतु तिचे मर्म मुदतीत नाही. तो ग्रंथ वाचून काढण्याचे वचन टिळकांनी दिले व ते पाळले. डोंगरावरील प्रवचनापाशी येताच ते त्यात गुंतून गेले. भाकितास वाचनाची अट जोडलेली होती, आणि फळ आले ते त्या अटीच्या पालनातून.

स्वतः टिळकांनी १९१७ मध्ये मिशनच्या वेतनाची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ स्थापिला. येणारी मंडळी भारतीय वेषाची, परकीय आधारापासून मुक्त आणि बाप्तिस्म्याच्या उंबरठ्याबाहेरील भक्तांनाही जवळ करणारी असावी, हे त्यांचे चित्र होते. ९ मे १९१९ रोजी त्यांचे निधन झाले. चित्र अपुरेच राहिले. तरीही त्यास फसलेले भाकीत म्हणता येत नाही, कारण ते भाकीत नव्हतेच. ते कार्याचे आवाहन होते. पंडिता रमाबाईंच्या केडगाव येथील मुक्तिसदनात १९०५ साली झालेल्या जागृतीबाबतही असेच म्हणता येईल. तिची आठवण भावावेगासाठी काढली जाते. परंतु त्याच वास्तूत, १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या मुलींच्या सहवासात, सामान्य स्त्रीस कळेल अशा मराठीत बायबलच्या भाषांतराचे दीर्घ काम चालले होते. रमाबाई १९२२ मध्ये वारल्या आणि संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. येणाऱ्या काळावरील श्रद्धेचा तो अधिक टिकाऊ पुरावा होय.

५. ऋतू, काळ आणि हंगाम

अलीकडील इंग्रजी प्रवचनांत मंडळीच्या ‘नव्या सीझन’ची भाषा फार ऐकू येते, आणि मराठी दुभाष्यास ती तत्काळ मराठीत आणावी लागते. ग्रीक भाषेत मोजला जाणारा काळ ‘क्रोनोस’ आणि कृतीची नेमकी वेळ ‘कैरोस’ असा भेद आहे; इंग्रजी बायबलने ‘कैरोस’साठी पुष्कळदा ‘सीझन’ योजिला. मराठीत ‘ऋतू’ म्हटले, तर तो आपोआप येतो व आपोआप जातो. मनुष्याने काही करण्याची आवश्यकता राहात नाही. ‘काळ’ ह्या शब्दास मृत्यूची छाया आहे. ‘समय’ ग्रांथिक आहे.

गोंडपिपरीच्या बोलीव्यवहारात ह्या जागी एक जिवंत शब्द आहे : हंगाम. मूळचा हा फारसी शब्द शेतीत व जंगलात पूर्ण मुरला आहे. मोह वेचण्याचा हंगाम, मे महिन्यातील तेंदूपत्त्याचा हंगाम, पावसाळ्यात पऱ्हे उपटून धान रोवण्याचा हंगाम. हंगाम येतो म्हणजे केवळ हवा बदलत नाही. कामाची घटका येते. तेंदूची पाने जून झाली की उपयोगी राहात नाहीत. रोवणी लांबली तर पीक हाती येत नाही. शिवाय हंगाम एकट्याचा नसतो. रोवणीस अनेक हात लागतात. ‘कैरोस’मध्ये जी निकड आणि ‘मंडळी’मध्ये जे सामुदायिकत्व आहे, ते दोन्ही ह्या एका शब्दात आहे.

६. उपसंहार

संदेशांची परीक्षा करावी, हे नव्या करारातच सांगितले आहे. संदेष्ट्यांपैकी दोघातिघांनी बोलावे व इतरांनी पारख करावी, असा पौलाचा दंडक आहे. वरील विवेचनावरून मराठी श्रोत्यास ह्या पारखीची काही भाषिक साधने हाती येतात. संदेशातील धीर मुदतीवर टेकला आहे की सोबतीवर? बोलणारा ‘तुम्ही’ म्हणतो की ‘आपण’? तो येणारा काळ ऋतू म्हणून वर्णितो की हंगाम म्हणून? मुदत चुकली की भाकीत संपते, आणि त्यावर विसंबलेल्या लहान मंडळीचा धीर त्याबरोबर खचतो. जंगलातील पाच-दहा घरांच्या मंडळीस असा धक्का सोसणे सोपे नसते. ज्या शब्दाने माणसांना एकत्र आणून कामास लावले, त्याचे फळ उशिरा आले तरी तो शब्द वाया जात नाही. संदेष्टा ह्या संज्ञेचा अर्थ मराठीत ह्या दिशेने स्थिर होत आहे. ‘भविष्यवाणी’ची जुनी संगत सुटेल तेव्हाच तो पूर्णपणे स्थिर झाला असे म्हणता येईल.