दहा दिवसांचा कोपरा

शहाद्याहून घाट चढून तोरणमाळला पोचलं की हवाच बदलते. सातपुड्यातलं, साडेअकराशे मीटरच्या आसपास उंचीवरचं हे ठिकाण. यशवंत तलाव, सीताखाई, पहाटेचं धुकं. नंदुरबार-शहादा भागातल्या लिहित्या माणसांच्या बोलण्यात हे नाव कधीतरी येतंच. 'आठ दिवस तोरणमाळला जाऊन बसलं ना, की कादंबरी पुरी होईल.' ती पुरी होत नाही, कारण आठ दिवस निघत नाहीत. आणि हे बोलणारा बहुतेकदा पुरुष असतो. घरातली बाई तोरणमाळला गेलीच, तर डबे, मुलं आणि सासूबाईंची औषधं बरोबर घेऊन जाते.

गंमत अशी की जिथे शांत खोली शोधायला जायचं, तिथल्या पाड्यांवरच्या जुन्या घरांत वेगळी खोली हा प्रकारच नाही. कुडाच्या भिंती, एकाच छपराखाली चूल, धान्य आणि माणसं. गाणी मात्र तिथेही जन्मतात. होळीत, लग्नात, शेतात निंदणी करताना. शहादा परिसरातले कवी वाहरू सोनवणे यांच्या 'गोधड'सारख्या संग्रहाने भिल्ली बोलीतली कविता छापील पानावर आणली. पण पाड्यांवरच्या किती बायकांची गाणी त्याआधी हवेत विरली, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

खानदेशाला हा हिशेब नवा नाही. बहिणाबाई चौधरींचं नाव इथल्या घराघरात आहे. २०१८पासून तर जळगावच्या विद्यापीठालाच त्यांचं नाव आहे, आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या मुलामुलींच्या पदवीपत्रावर ते छापून येतं. आसोद्याच्या महाजनांकडे १८८० साली जन्मलेली ही मुलगी तेराव्या वर्षी जळगावच्या चौधरींच्या घरात आली, तिशीत विधवा झाली. अक्षरओळख नाही. तिला लिहायला खोली कुठून मिळणार? तिच्याजवळ जातं होतं. घर जागं व्हायच्या आधी, अंधारात, हात फिरत असताना ओळ सुचायची आणि दळण संपेपर्यंत पक्की व्हायची. शेतात हेच, चुलीपुढे हेच.

इथवरची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे आणि ती कौतुकाने सांगितली जाते. जरा जास्तच कौतुकाने. कारण तिचा दुसरा भाग कमी सांगतात. ते सगळं टिकलं, ते घरातल्या दोघांनी कान दिला म्हणून. मुलगा सोपानदेव, जे पुढे स्वतः कवी म्हणून ओळखले गेले, आणि त्यांचा मावसभाऊ, यांनी जमेल तेवढं कागदावर उतरवून घेतलं. बहिणाबाई ३ डिसेंबर १९५१ रोजी गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ साली 'बहिणाबाईंची गाणी' हे पुस्तक निघालं. कवयित्रीने स्वतःचं पुस्तक पाहिलंच नाही. वही धरणारं कुणी नसतं, तर आज त्या आसोद्याच्या एक कष्टाळू आजी एवढ्याच उरल्या असत्या.

दुसरं असं की जात्यावर ओवी मावते, कादंबरी मावत नाही. आठ-दहा ओळी डोक्यात धरून भाकरी थापता येते. तिसऱ्या प्रकरणातलं पात्र सातव्यात काय करणार, हे धरून दूध उतू जाण्याची वाट पाहता येत नाही. घरातल्या बायकांनी कविता अधिक केल्या आणि लांब गद्य कमी लिहिलं, याचं कारण स्वभावात शोधण्यापेक्षा घड्याळात शोधावं. लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' १९३४पासून छापून येऊ लागलं, तेव्हा त्या सहासष्ट वर्षांच्या होत्या. संसार मागे पडला होता.

याउलट उदाहरण सआदत हसन मंटो यांचं. मुंबईत उमेदीची वर्षं घालवून १९४८ साली ते लाहोरला गेले. आपण कथा कशी लिहितो, हे त्यांनी एका लेखात मजेत सांगितलं आहे. सोफ्यावर बसायचं, बिस्मिल्लाह म्हणायचं आणि सुरुवात करायची. तिन्ही मुली आसपास गोंधळ घालत असतात. मध्येच त्यांची भांडणं सोडवायची, सॅलड करायचं, कुणी आलं तर त्याची सरबराई करायची आणि लिहितही राहायचं. वाचून वाटतं, जागेचं रडगाणं म्हणजे निव्वळ सबब. पण मंटोंची बेगम सफिया यांनी मनात एखादी गोष्ट रचली असती, तर त्यांना तो सोफा किती वेळ मिळाला असता? सॅलड करणं आणि रोजचं घर ओढणं यांत बरंच अंतर आहे.

रमजान महिन्यात मुस्लिम घराचं घड्याळ उलटंपालटं होतं. पहाटे सहरीसाठी बाई सगळ्यांच्या आधी उठते. संध्याकाळी इफ्तारची तयारी, मग रात्रीचं जेवण, भांडी, तरावीहची नमाज. काम वाढतं, हे खरंच. पण एक गोष्ट फारशी कुणाच्या लक्षात येत नाही: दुपारची चूल थंड असते. लहान मुलं आणि आजारी माणसं सोडली तर जेवायला वाढायचं नसतं आणि चार वाजता 'चहा टाक' अशी हाक येत नाही. जोहरच्या नमाजेनंतर असरपर्यंत, म्हणजे भज्यांचा कांदा चिरायला घेईपर्यंत, तास-दीड तास हाती लागतो. कुणी कुरआन वाचतं, कुणी पाठ टेकतं. आणि मुलांच्या जुन्या वहीची मागची पानं एखादीच्या हाती लागली, तर तिला त्या तासाचं मोल कळतं.

शेवटच्या दहा दिवसांत एतिकाफ असतो. विसाव्या रोज्याच्या संध्याकाळपासून ईदचा चंद्र दिसेपर्यंत माणूस मशिदीत एकांतात राहतो. हनफी पद्धतीत बायका हा एतिकाफ घरातच करतात, नमाजेसाठी ठरवलेल्या जागी. दोन खोल्यांच्या घरातही चादरीचा पडदा लावून कोपरा तयार होतो. हा एकांत इबादतीसाठी असतो, कथा-कविता लिहिण्यासाठी नाही. पण घर त्या दिवसांत काय काय करतं, ते पाहण्यासारखं आहे. जाऊ किंवा मोठी मुलगी स्वयंपाक हाती घेते. शौहरला साखरेचा डबा सापडतो. टीव्हीचा आवाज कमी होतो. धाकटा पडद्यापाशी येऊन 'अम्मी' म्हणतो, आणि कुणीतरी त्याला उचलून नेतं. बाईला दहा दिवस हाक मारायची नाही, हे सगळ्या घराला जमतं, आणि त्यावाचून कुणी उपाशी राहत नाही.

व्हर्जिनिया वुल्फ यांनी १९२९ साली लिहिणाऱ्या बाईसाठी स्वतःची खोली आणि वर्षाला पाचशे पौंड मागितले होते. इथल्या चाळीत आणि मोहल्ल्यात एवढं मागायला कुणी धजणार नाही. रोज एक तास आणि एक चादर मागून पाहता येते. ती मागताना कारण काय सांगायचं, इथेच अडतं. नमाज, पोथी, परीक्षा ही कारणं घराला पटतात. 'मला जरा लिहायचंय' म्हटलं की समोरचा हसतो. मग ती हिशेबाची वही काढते आणि तिच्या मागे लिहिते.

चांदरातीला पडदा निघतो. गळाभेटी होतात, शीरखुर्म्याच्या खारका भिजत पडतात, आणि पाहुण्यांच्या गाद्या ठेवायला जागा हवी म्हणून सगळ्यात आधी तोच कोपरा भरतो.