जुनी कॅसेट लॅपटॉपवर घेताना मी केलेली चूक



वरठीतल्या माझ्या दुकानात एक काका कॅसेट घेऊन आले. त्यांच्या वडिलांनी गावच्या दंडारीत गायलेलं त्यात होतं. वडील आता नाहीत आणि दुसरी कॉपीही नाही. मी लगेच हो म्हणालो आणि गडबड करून बसलो.

टेपच्या हेडफोनमधून वायर काढून सरळ लॅपटॉपला जोडली. आवाजच नाही! आजच्या बहुतेक लॅपटॉपला एकच होल असतं. साधी पिन घातली की त्याला वाटतं, हेडफोन लावला. मग स्प्लिटर लावून माइकच्या बाजूने घेतलं. आवाज आला, पण फाटका. कारण माइकचा सिग्नल अगदी बारीक असतो, टेपचा त्याच्या कितीतरी पट मोठा. असा फाटलेला आवाज नंतर सॉफ्टवेअरने पूर्ण दुरुस्त होत नाही. नशीब, कॅसेट शाबूत होती, म्हणून पुन्हा वाजवता आली.

तुम्ही हे काम घेणार असाल तर असं करा:

१. यूएसबी साउंड कार्ड घ्या. घेताना "स्टिरिओ लाइन-इन आहे का?" हे नक्की विचारा. स्वस्त कार्डात बहुधा फक्त मोनो माइक असतो.

२. ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर टाका. इनपुटमध्ये तेच कार्ड निवडा, नाहीतर लॅपटॉपचा आतला माइक तुमच्या दुकानातला पंखा रेकॉर्ड करेल. सेटिंग ठेवा स्टिरिओ, ४४१०० हर्ट्झ.

३. टेपचं हेड साफ करा आणि आधी एखादी टाकाऊ कॅसेट लावून बघा. ग्राहकाची कॅसेट लावल्यावर सर्वात मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या आसपास ठेवा. मीटर लाल झालं की टेपचा व्हॉल्यूम कमी करा.

४. मूळ फाइल १६ बिट वेव्हमध्ये ठेवा. ६० मिनिटांचे साधारण ६०० एमबी होतात. मोबाइलसाठी एमपी३ वेगळी द्या.

आता धंद्याचं. ६० मिनिटांची कॅसेट रेकॉर्ड व्हायला ६० मिनिटं लागतातच, वर साफसफाई आणि कापाकापीचा वेळ. म्हणून भाव कॅसेटवर नाही, तासावर सांगा. आणि बाजारातल्या गाण्यांच्या कॅसेटच्या कॉप्या करून विकू नका, १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे. घरगुती रेकॉर्डिंगच घ्या.

काकांनी दुकानातच मोबाइल कानाला लावला आणि पूर्ण ऐकूनच उठले. त्या दिवशी मी फाटक्या आवाजाची फाइल दिली असती तर?

पहिली कॅसेट स्वतःच्या घरची घ्या. चूक झाली तर ती आपल्याच घरात राहील. भेटूया पुढच्या व्हिडिओत!