पूल, पाने आणि माणसे : आलेख सिद्धान्ताची ओळख

हातातील फोनवर एखादा शब्द लिहिला की असंख्य पानांतून उपयोगाची पाने क्षणार्धात समोर येतात. एखाद्या गावी निघालेली अफवा एका रात्रीत जिल्हाभर पसरते. या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. परंतु दोहोंच्या मुळाशी गणिताची एकच शाखा आहे. तिला आलेख सिद्धान्त असे म्हणतात. कार्यालये, शाळा व ग्रामपंचायती यांचा बराचसा माहितीव्यवहार आज फोनवरील जाळ्यांतून चालतो. त्यामुळे या शास्त्राची तोंडओळख लोकांमध्ये काम करणाऱ्या प्रत्येकाला उपयोगी पडेल.

सात पुलांचे कोडे

अठराव्या शतकात प्रशियातील कोनिग्सबर्ग शहर प्रेगेल नदीमुळे चार भूभागांत विभागले गेले होते आणि ते भाग सात पुलांनी जोडलेले होते. हे शहर आज कालिनिनग्राद या नावाने रशियात आहे. प्रत्येक पूल एकदा आणि एकदाच ओलांडून सर्व शहरात फेरी मारता येईल काय, असे एक कोडे तेथे प्रचलित होते. लिओनार्ड ऑयलर या गणितज्ञाने १७३६ साली त्याचे उत्तर दिले. त्याने प्रत्येक भूभाग म्हणजे एक बिंदू आणि प्रत्येक पूल म्हणजे दोन बिंदूंना जोडणारी एक रेषा असे मानले. वाटेत लागणाऱ्या भूभागावर माणूस एका पुलाने येतो व दुसऱ्याने जातो. म्हणजे तेथील पूल जोडीजोडीने वापरले जातात. म्हणून फेरीचा आरंभ व शेवट सोडल्यास प्रत्येक भूभागाला जोडणाऱ्या पुलांची संख्या सम असली पाहिजे. प्रत्यक्षात एका भागाला ५ आणि उरलेल्या तिघांना प्रत्येकी ३ पूल होते. चारही संख्या विषम असल्यामुळे अशी फेरी अशक्य ठरली.

या उत्तरात पुलांची लांबी, नदीची रुंदी वा शहराचा विस्तार यांचा उल्लेखही नाही. कोण कोणाशी जोडलेले आहे, एवढेच महत्त्वाचे. बिंदू आणि रेषा यांच्या अशा मांडणीला आलेख म्हणतात. बिंदूच्या जागी गाव, पान किंवा माणूस ठेवले आणि रेषेच्या जागी रस्ता, दुवा किंवा ओळख ठेवली तरी विचाराची रीत तीच राहते.

या शास्त्राच्या वाटचालीत महाराष्ट्राचाही वाटा आहे. मुंबई विद्यापीठात अध्यापन केलेले गणितज्ञ शरदचंद्र शंकर श्रीखंडे यांच्या १९५९ सालच्या संशोधनातून पुढे आलेला १६ बिंदूंचा व ४८ रेषांचा आलेख जगभर ‘श्रीखंडे आलेख’ म्हणून ओळखला जातो. त्याच वर्षी त्यांनी आर. सी. बोस व ई. टी. पार्कर यांच्यासमवेत खुद्द ऑयलरचा लॅटिन चौरसांविषयीचा एक प्रसिद्ध तर्क चुकीचा असल्याचे सिद्ध केले.

शोधयंत्र पानाची योग्यता कशी ठरविते?

आरंभीची शोधयंत्रे मुख्यतः पानावरील शब्द पाहत. एखादा शब्द पुनःपुन्हा लिहून कोणीही आपले पान यादीत वर आणू शके. १९९८ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातील लॅरी पेज व सर्गेई ब्रिन या दोन विद्यार्थ्यांनी निराळी पद्धत मांडली. पुढे तिच्यावरच गूगलची उभारणी झाली. त्यांनी जालावरील प्रत्येक पानाला बिंदू मानले आणि एका पानावरून दुसऱ्या पानाकडे नेणाऱ्या दुव्याला बाण मानले. दुवा देणे म्हणजे एक प्रकारे शिफारस करणे होय. मात्र सर्व शिफारशींचे वजन सारखे नसते.

एक छोटे उदाहरण घेऊ. अ, ब आणि क अशी तीनच पाने आहेत. अ या पानावर ब व क या दोघांचे दुवे आहेत. ब वर फक्त क चा आणि क वर फक्त अ चा दुवा आहे. एखादा वाचक दिसेल तो दुवा धरून अखंड फिरत राहिला, तर दीर्घकाळात दर १०० भेटींपैकी सुमारे ४० भेटी अ ला, २० ब ला आणि ४० क ला मिळतील. अ ला व ब ला प्रत्येकी एकच दुवा मिळाला आहे, तरी अ ची योग्यता ब च्या दुप्पट ठरते. क हे वजनदार पान आपले सर्व वजन एकट्या अ च्या पदरात टाकते. ब ला मात्र अ च्या वजनाचा अर्धाच वाटा मिळतो. ज्याने शिफारस केली त्याची पत किती आणि त्याने ती कितीजणांत वाटली, या दोहोंवर शिफारशीचे मोल ठरते.

प्रत्यक्षातील वाचक मधूनच कंटाळून भलत्याच पानावर उडी घेतो. हे लक्षात घेऊन मूळ पद्धतीत १०० पैकी ८५ वेळा दुवा धरला जाईल व १५ वेळा अशी उडी मारली जाईल असे गृहीत धरले होते. आजची शोधयंत्रे याखेरीज भाषा, स्थळ, मजकुराचा ताजेपणा अशा अनेक गोष्टी विचारात घेतात. शिवाय खोटे दुवे उभारून योग्यता फुगविण्याचे प्रयत्नही होत असतात. म्हणून यादीत पहिले आलेले पान अनेकदा उपयुक्त असले, तरी ते खरेच असेल असे मानून चालणार नाही.

माणसांचे जाळे

माणसांच्या ओळखींचाही असाच आलेख काढता येतो. एखादे पत्र केवळ ओळखीच्या माणसांच्या हातून अनोळखी व्यक्तीपर्यंत किती टप्प्यांत पोहोचेल, याचा प्रयोग स्टॅन्ली मिलग्रॅम यांनी अमेरिकेत केला. १९६९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार साखळी सुरू करण्यास सांगितलेल्या २९६ जणांपैकी ६४ जणांच्या साखळ्या पूर्ण झाल्या आणि त्यांत सरासरी सुमारे ५ मध्यस्थ लागले. २०११ साली फेसबुकच्या सुमारे ७२ कोटी वापरकर्त्यांचा अभ्यास झाला, तेव्हा दोन व्यक्तींमधील सरासरी अंतर ४.७४ दुव्यांचे आढळले.

गावात सर्वजण एकमेकांना ओळखतात, तरीही जग इतके जवळ कसे? डंकन वॉट्स व स्टीव्हन स्ट्रोगाट्झ यांनी १९९८ साली याचे उत्तर दिले. दाट ओळखींच्या जाळ्यात दूरवर जाणाऱ्या थोड्या रेषा असल्या तरी सर्व अंतरे झपाट्याने घटतात. बदलून आलेला शिक्षक, परगावी नांदणारी लेक, मालमोटारीचा चालक ही माणसे अशा रेषांचे काम करतात.

अफवेचे गणित

या जवळिकीची दुसरी बाजू भीषण आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे, मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांचा बळी घेतला. भिक्षा मागून पोट भरणारी ही निरपराध माणसे ग्रामपंचायतीच्या कार्यालयातही वाचू शकली नाहीत. फोनवरून फिरणाऱ्या संदेशांनी त्या अफवेला बळ दिले होते.

प्रत्येकाने संदेश २० जणांना धाडला, तर पाचव्या टप्प्यावर तो कागदोपत्री ३२ लाखांपर्यंत जातो. तोच ५ जणांना धाडला तर ३,१२५ वर थांबतो. ओळखी सामाईक असल्याने प्रत्यक्ष आकडे कमी भरतात, परंतु फरकाचे प्रमाण ध्यानात येते. जुलै २०१८ मध्ये व्हॉट्सअॅपने भारतात संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठविण्याची मर्यादा घातली. एप्रिल २०२० पासून वारंवार फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठविता येतो.

परंतु खरी मर्यादा माणसाच्या हाती आहे. प्रत्येक पाठविणारा पाचजणांना संदेश देतो असे धरले आणि पाचांपैकी सरासरी एकाहून कमी माणसांनी तो पुढे ढकलला, तर अफवा आपोआप विझते. सर्वांनी शहाणे होण्याची वाट पाहावी लागत नाही, पुरेशा लोकांनी थांबणे पुरते. हे ‘पुढे’ एक व्यक्ती असते तसाच शेकडो सभासदांचा गटही असतो. म्हणून गावाचा वा शाळेचा गट चालविणाऱ्याची जबाबदारी अधिक.

खरी बातमी कोणाच्या हाती द्यावी?

हेच जाळे चांगल्या कामीही येते. मुंबईत जन्मलेले अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्तेर डुफ्लो व त्यांच्या सहकाऱ्यांनी कर्नाटकातील २१३ गावांत एक प्रयोग केला. “एखादी गोष्ट सर्वांना कळवायची तर कोणाला सांगावी?” असे त्यांनी ग्रामस्थांनाच विचारले. लोकांनी सुचविलेल्या व्यक्तींना सांगितलेली माहिती, वाटेल त्या किंवा केवळ मानाच्या व्यक्तींना सांगितलेल्या माहितीपेक्षा अधिक पसरली. हरियाणातही अशा व्यक्तींच्या साहाय्याने बालकांच्या लसीकरणात वाढ झाल्याचे आढळले.

गावाचा आलेख कागदावर कोणी काढलेला नसला तरी तो गावकऱ्यांना ठाऊक असतो. लसीकरण असो, पीकविमा असो वा अफवेचे खंडन असो, दवंडी व सूचनाफलक यांच्या जोडीला “गावात कोणाचे बोलणे सर्वांपर्यंत जाते?” हा साधा प्रश्न विचारून त्या व्यक्तींना खरी माहिती वेळेवर पोहोचविणे कोणत्याही ग्रामपंचायतीला शक्य आहे. त्यासाठी वेगळ्या निधीची गरज नाही.